दुग्धज्वर : गाईच्या रक्तातील कॅल्शियमचा हिशेब

बेंगळुरू म्हटले की डोळ्यांसमोर उभ्या राहतात काचेच्या उंच इमारती, संगणकाची कार्यालये आणि वाहनांच्या न संपणाऱ्या रांगा. परंतु याच महानगराच्या वेशीवर दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी, होसकोटे, आनेकल या तालुक्यांत दिवस उजाडतो तो दुधाच्या किटल्यांच्या आवाजाने. शेजारच्या कोलार जिल्ह्याची तर रेशीम, दूध आणि सोने यांचा जिल्हा अशीच ख्याती. दोन-चार संकरित गाई, थोडी नाचणीची शेती आणि गावातील सहकारी दूध संस्था यांच्या आधारावर येथील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. दुधाचे पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात आणि त्यातूनच घरखर्च, मुलांचे शिक्षण व गाईसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता निघतो.

अशा घरात गाय विण्याचा दिवस हा आनंदाचा दिवस असतो. महिना-दोन महिने आटलेले दूध पुन्हा सुरू होणार असते. सायंकाळी गाय सुखरूप विते, वार पडते, वासरू धडपडत उभे राहते आणि घरची मंडळी समाधानाने अंथरुणाला पाठ टेकतात. पहाटे गोठ्यात दिवा लावून पाहावे तो गाय खाली बसलेली, मान कुशीकडे वळवलेली, कान गार पडलेले. हाकारले तरी उठत नाही, समोर टाकलेल्या वैरणीला तोंड लावत नाही. ‘विण्याचा शीण असेल, उन्हे वर आली की उठेल’ असे म्हणून वाट पाहिली जाते. या वाट पाहण्यातच कित्येक उत्तम गाई दगावतात. या व्याधीला पशुवैद्यकशास्त्रात दुग्धज्वर म्हणतात. बेंगळुरूच्या परिसरात असो की कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात, जिथे भरपूर दूध देणारी गाय आहे तिथे हे संकट दाराशी उभे असते. समाधानाची गोष्ट ही, की वेळेवर ओळखल्यास इतक्या झटपट बऱ्या होणाऱ्या व्याधी फारच थोड्या आहेत.

नाव ज्वराचे, अंग मात्र गार

दुग्धज्वर हे नावच फसवे आहे. ‘ज्वर’ म्हटल्यावर अंग तापलेले असेल अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात या व्याधीत गाईचे तापमान वाढत नाही, उलट उतरते. निरोगी गाईचे तापमान साधारणतः १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. दुग्धज्वरात ते १०० अंशांच्या खाली जाते आणि कान, पाय, शिंगांची मुळे हाताला थंड लागतात. ही व्याधी कोणत्याही जंतूमुळे होत नाही आणि एका जनावरापासून दुसऱ्याला लागत नाही. विण्याच्या सुमारास रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरणे, हेच तिचे मूळ होय.

कॅल्शियम हे केवळ हाडांचे द्रव्य नव्हे. स्नायू आखडणे व सैल होणे, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल ही सारी कामे रक्तातील कॅल्शियमवर अवलंबून असतात. निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तरसात सुमारे ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास घसरले की पायांतील बळ जाते आणि गाय खाली बसते. त्याहून खाली गेले की हृदयच थकते.

साठा मोठा, पण हाती रोकड नाही

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. प्रौढ गाईच्या हाडांत सहा किलोंहून अधिक कॅल्शियम साठवलेले असते. मग काही ग्रॅमची उणीव पडताच तिने का कोसळावे? बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकांना याचे उत्तर सहज उमगेल. हाडांतील कॅल्शियम ही मुदत ठेव आहे, तर रक्तातील कॅल्शियम हे चालू खाते. ठेव कितीही मोठी असली तरी ती वेळेत मोडून चालू खात्यात आली नाही, तर खातेदाराची अडचण टळत नाही.

गाईच्या रक्तरसात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम फिरत असते. व्यायल्यानंतर दहा लिटर चीक निघाला, तर त्यातून वीस ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर जाते. म्हणजे चालू खात्यातील शिलकेच्या कित्येक पट रक्कम एका दिवसात काढली जाते. रक्तातील पातळी उतरताच पॅराथायरॉइड ग्रंथीतून एक संप्रेरक स्रवते. ते मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम अडवते, ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने आतड्यांतून अधिक कॅल्शियम शोषून घ्यावयास लावते आणि हाडांतील साठा मोकळा करते. परंतु आतड्यांचे काम वेग घेण्यास सुमारे एक दिवस आणि हाडांचे काम वेग घेण्यास सुमारे दोन दिवस लागतात. दूध मात्र तितके थांबत नाही. मागणी आणि पुरवठा यांतील हे एक-दोन दिवसांचे अंतर म्हणजेच दुग्धज्वराचा काळ. म्हणूनच ही व्याधी बहुतेक वेळा व्यायल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसते. क्वचित ती विण्यापूर्वी किंवा काही आठवड्यांनंतरही होते.

वय वाढते तशी हाडांतून कॅल्शियम मोकळे होण्याची गती मंदावते. त्यामुळे पहिलारू कालवडीला दुग्धज्वर सहसा होत नाही, तिसऱ्या वेतापासून पुढे धोका वाढत जातो. जर्सी गाई आणि त्यांचा संकर यांत तो अधिक आढळतो. होल्स्टीन फ्रिजियन संकरित गाई व भरपूर दुधाच्या म्हशीही अपवाद नाहीत. ज्या गाईला एकदा दुग्धज्वर झाला, तिला पुढच्या वेतात तो पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते.

डेन्मार्क ते हेसरघट्टा

या व्याधीच्या उपचाराचा इतिहास मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात दुग्धज्वराने बसलेल्या निम्म्याहून अधिक गाई दगावत असत. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील श्मिट या पशुवैद्यकाने गाईच्या सडांतून कासेत औषधी द्रावण भरले आणि गाई उठून उभ्या राहू लागल्या. थोड्याच काळात ध्यानी आले की गुण औषधाचा नसून कास भरण्याचा आहे. मग नुसती हवा भरूनही तोच परिणाम साधू लागला. कास फुगली की दूध तयार होणे थांबते आणि रक्तातील कॅल्शियमची उचल बंद होते. खरे कारण मात्र तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. १९२५ मध्ये स्कॉटलंडमधील ड्रायर आणि ग्रेग या संशोधकांनी रक्तातील कॅल्शियमची घट हे कारण पुढे मांडले आणि पुढील दशकात शिरेतून कॅल्शियम देण्याची पद्धत रूढ झाली. हवा भरण्याने कासेला जंतुसंसर्ग होत असल्याने तो उपाय मागे पडला.

बेंगळुरूचा दुग्धव्यवसायाशी असलेला संबंधही त्याच काळातला. १९२३ मध्ये येथे इंपीरियल इन्स्टिट्यूट ऑफ ॲनिमल हज्बंड्री अँड डेअरींग ही संस्था सुरू झाली. १९२७ मध्ये महात्मा गांधी व पंडित मदनमोहन मालवीय यांनी येथे काही दिवस राहून गोपालनाचे धडे घेतले. पुढे आणंदच्या दुग्धक्रांतीचे शिल्पकार ठरलेले डॉ. वर्गीस कुरियन हेही अमेरिकेस जाण्यापूर्वी याच संस्थेत प्रशिक्षण घेत होते. संस्थेचे मुख्यालय १९५५ मध्ये कर्नाल येथे गेले आणि आडुगोडी येथील जुने आवार राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेचे दक्षिण प्रादेशिक केंद्र झाले. शहराजवळील हेसरघट्टा येथे १९६९ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने गोठित वीर्य केंद्र उभे राहिले आणि संकरित पैदाशीला वेग आला.

या भागातील मूळची गाय हळ्ळीकार. आपल्या खिलार जातीचे मूळ तिच्याशीच जोडले जाते. काटक, चपळ बैलांसाठी ती प्रसिद्ध असून तिचे दूध बेताचेच, म्हणून दुग्धज्वराचे भयही तिला फारसे नाही. संकरित गाईने घरात दूध आणि पैसा आणला, परंतु त्याबरोबर विण्याच्या दिवसांतील ही जोखीमही आणली. अधिक दुधाची गाय पाळणाऱ्याने ही जोखीम समजून घेणे आवश्यक आहे.

लक्षणांच्या तीन पायऱ्या

दुग्धज्वर पायरी-पायरीने वाढतो. पहिली पायरी फार थोडा वेळ टिकते आणि बहुधा नजरेतून निसटते. गाय अस्वस्थ होते, खाणे सोडते, दात खाते. अंगावरील स्नायू थरथरतात, मागचे पाय ताठरतात आणि चाल अडखळते. या अवस्थेत गाय उभी असते, त्यामुळे उपचार सर्वांत सोपा असतो.

दुसऱ्या पायरीवर गाय छातीवर बसते व उठू शकत नाही. मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो किंवा डोके कुशीवर टेकलेले असते. नाकपुडी कोरडी पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, रवंथ थांबतो. शेण व लघवी होत नाही, पोट फुगू लागते. हृदयाचे ठोके जलद पण क्षीण होतात. बहुतेक पशुपालकांच्या लक्षात व्याधी येते ती या पायरीवर.

तिसऱ्या पायरीवर गाय एका कुशीवर आडवी पडते, पाय पसरते आणि भान हरपते. पोटफुगीने श्वास कोंडतो. येथून पुढे उपचार न मिळाल्यास काही तासांतच मृत्यू ओढवतो. 

व्यायलेली प्रत्येक बसलेली गाय दुग्धज्वराचीच असते असे मात्र नाही. विताना कंबरेच्या नसेला इजा होणे, तीव्र कासदाह, गर्भाशयाचा दाह, फॉस्फरस किंवा मॅग्नेशियमची उणीव यांमुळेही गाय बसते. कासदाह वा गर्भाशयाच्या दाहात सुरुवातीला ताप असण्याचा संभव असतो. फॉस्फरसच्या उणिवेत गाय पुष्कळदा सावध असते, खाते, पण उठत नाही. हा भेद पशुवैद्यकानेच करावयाचा असतो. पशुपालकाने तापमान पाहून ठेवावे आणि विण्याची वेळ, वेत, वार पडली की नाही, हे सांगावे. निदानाला त्याचे मोठे साहाय्य होते.

डॉक्टर येईपर्यंत

पहिले काम म्हणजे विलंब न लावता पशुवैद्यकास बोलावणे. शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. दूध संस्थेच्या सचिवाकडे व शासकीय दवाखान्यातील डॉक्टरांकडेही त्याच वेळी निरोप द्यावा.

दरम्यान गाय एका कुशीवर आडवी पडली असेल, तर तिला छातीवर बसती करावी आणि दोन्ही बाजूंनी गवताने वा भुशाने भरलेली पोती लावून आधार द्यावा. आडव्या गाईच्या पोटातील वायू बाहेर पडत नाही आणि अन्नरस श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. सिमेंटच्या टणक जमिनीवर शरीराच्या भारानेच मागच्या पायांचे स्नायू चिरडतात. मग कॅल्शियम मिळूनही गाय उठत नाही. म्हणून खाली जाड गवत किंवा माती पसरावी आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. थंडीच्या रात्री अंगावर गोणपाट टाकावे.

याहून महत्त्वाचे आहे ते काय करू नये हे. बसलेल्या गाईच्या तोंडात नळकांड्याने काढा, तेल, गूळपाणी किंवा कॅल्शियमचे औषध मुळीच ओतू नये. तिच्या घशाचे स्नायूही दुर्बळ झालेले असतात. ओतलेले द्रव फुप्फुसात उतरते आणि दुग्धज्वरातून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते. काठीने मारून, शेपटी पिळून उठवू नये. धार काढू नये. वासराला मात्र चीक मिळालाच पाहिजे. तो आधी काढून ठेवलेला असल्यास पाजावा, नसल्यास वासरापुरता थोडाच काढावा.

शिरेतील बाटली आणि धीराचा हात

उपचार म्हणजे कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे द्रावण शिरेतून देणे. साधारणतः ४५० मिलिलिटरची बाटली गाईच्या अंगाच्या उष्णतेइतकी कोमट करून १५ ते २० मिनिटांत सावकाश दिली जाते. या वेळी डॉक्टर हृदयाच्या ठोक्यांकडे सतत कान ठेवून असतात, कारण कॅल्शियम वेगाने शिरल्यास हृदय बंद पडू शकते. औषधाच्या दुकानातून बाटली आणून कोणाही अनुभवी माणसाकडून ती शिरेत लावून घेण्याचा प्रघात म्हणूनच धोक्याचा आहे.

द्रावण जाऊ लागले की पाहणाऱ्यास आश्चर्य वाटावे असा पालट घडतो. अंग थरथरते, ढेकर येते, नाकपुडीवर दवाचे बिंदू दिसू लागतात, गाय शेण टाकते व लघवी करते. पुष्कळ गाई दोन तासांच्या आत आपल्या पायांवर उभ्या राहतात. परंतु गाय उठली म्हणजे काम संपले असे नाही. सुमारे चारपैकी एका गाईला एक-दोन दिवसांत पुन्हा झटका येतो. म्हणून पुढील दोन दिवस तिच्यावर लक्ष ठेवावे, कास पूर्ण रिकामी करू नये आणि गिळण्याची शक्ती पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडावाटे कॅल्शियम द्यावे.

दिसणारी गाय एक, न दिसणाऱ्या अनेक

खाली बसणारी गाय दिसते तरी. परंतु ज्यांच्या रक्तातील कॅल्शियम घटलेले असूनही त्या उभ्याच राहतात, अशा गाईंची संख्या कितीतरी अधिक असते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पहिलारू गाईंपैकी सुमारे पाव भाग आणि तिसऱ्या वेतापुढील गाईंपैकी जवळपास निम्म्या गाई अशा आढळल्या. ही छुपी उणीव वार अडकणे, गर्भाशय मंद आकसणे, सडाचे तोंड नीट न मिटल्याने कासदाह होणे, भूक मंदावणे आणि पुढे गाय वेळेवर गाभण न राहणे अशा रूपांनी वसूल होत राहते.

तयारी विण्यापूर्वी तीन आठवडे

येथे पुष्कळांचा एक समज तपासून पाहावा लागतो. कॅल्शियम कमी पडते, तर विण्यापूर्वीच भरपूर पाजून ठेवावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परिणाम मात्र उलट होतो. आयते कॅल्शियम मुबलक मिळत राहिले की पॅराथायरॉइड ग्रंथी स्वस्थ बसते आणि ऐन वेळी ठेव मोडण्याची यंत्रणा जागी होत नाही. म्हणून भाकड काळाच्या अखेरच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची द्रव औषधे देऊ नयेत. लसूणघासासारखा कॅल्शियमयुक्त चाराही या काळात आवरावा.

पोटॅशियमचेही असेच आहे. शेणखत आणि सांडपाण्यावर पोसलेल्या हिरव्या गवतात पोटॅशियम पुष्कळ असते. त्यामुळे रक्त अल्कधर्मी होते व संप्रेरकाचा आदेश हाडांपर्यंत नीट पोहोचत नाही. बेंगळुरूच्या तलावांकाठचे कापून आणलेले गवत गाभण गाईच्या शेवटच्या दिवसांत बेताने द्यावे. मॅग्नेशियमची उणीवही याच कामात अडथळा आणते. काही गोठ्यांत अखेरच्या तीन आठवड्यांत अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट यांसारखे आम्लधर्मी क्षार खुराकातून देतात. त्यांची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

व्यायल्यानंतर मात्र कॅल्शियमची गरज एकदम वाढते. तेव्हा चाऱ्याचा विचार हवा. दक्षिण कर्नाटकातील नाचणीचे काड भाताच्या पेंढ्यापेक्षा कॅल्शियमने समृद्ध असते. नाचणीच्या दाण्यातही १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आढळते. गव्हाचा व भाताचा कोंडा, बीअर कारखान्यातील चोथा यांत मात्र फॉस्फरस अधिक व कॅल्शियम कमी असते. महाराष्ट्रात उसाचे वाढे सर्रास वैरण म्हणून वापरले जाते. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि केवळ वाढ्यावर दुभती गाय ठेवू नये. कोणत्या भागातील चाऱ्यात कोणते खनिज कमी आहे, याचा अभ्यास करून त्या भागापुरते खनिज मिश्रण सुचविण्याचे काम आडुगोडी येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने केले आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा लाभ गोठ्यापर्यंत पोहोचतो तो खनिज मिश्रणाच्या पिशवीतून.

पूर्वी दुग्धज्वर झालेल्या किंवा तिसऱ्या वेतापुढील गाईला, ती उभी असताना व नीट गिळत असताना, व्याल्याबरोबर व पुन्हा सुमारे बारा तासांनी कॅल्शियमचे जेल देण्याची पद्धत उपयुक्त ठरली आहे. विण्यापूर्वी काही दिवस ड३ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे किंवा कसे, हे डॉक्टर गाय पाहून ठरवतात. पहिले दोन दिवस धार अर्धवट काढणेही हिताचे.

नोंदवही, टॅग आणि हप्ता

शाखाधिकारी कर्जदाराच्या गोठ्याला भेट देतात, तेव्हा गाय पाहतात, कानातील टॅग पाहतात. त्याबरोबर एक साधी वहीही पाहावी. गाय भरवल्याची तारीख, त्यात सुमारे २८० दिवस मिळवून येणारी विण्याची तारीख, वेताचा क्रमांक आणि मागील वेतातील आजार एवढ्या चार नोंदी त्यात असल्या, तर अखेरचे तीन आठवडे केव्हा सुरू होतात हे पशुपालकास आधीच कळते. विण्याच्या रात्री दोन-दोन तासांनी गोठ्यात चक्कर टाकता येते.

खुराक, खनिज मिश्रण व औषधोपचार हा खेळत्या भांडवलाचा खर्च आहे. २०१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालकांनाही उपलब्ध झाली असून हा खर्च त्यातून भागवता येतो. विमा उतरविलेल्या गाईचा टॅग गळाल्यास विमा कंपनीस त्वरित कळवून नवा बसवून घ्यावा आणि उपचारांचे कागद जपून ठेवावेत. परंतु विम्याची रक्कम आली तरी गेलेली गाय परत येत नाही. नवी गाय घरात येऊन दूध सुरू होईपर्यंतचे महिने कुटुंबाला कोरडेच काढावे लागतात.

एकीकडे काही शे रुपयांची बाटली आणि डॉक्टरांची वेळेवर झालेली भेट, दुसरीकडे साठ-सत्तर हजारांची गाय, तिचे संपूर्ण वेत आणि एका घराची मिळकत. हा हिशेब कोणालाही समजण्याजोगा आहे. व्यायलेली गाय पहाटे बसलेली दिसली आणि तिचे कान हाताला गार लागले, तर उन्हे वर येण्याची वाट पाहू नये. दूरध्वनी त्याच क्षणी करावा.